अंगावरच्या पुरळासाठी रक्त कशाला काढायचं?

आमच्या लॅबमध्ये हा वाद अधूनमधून होतोच. कोणीतरी स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतं, त्यावर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून पेशी बघणं) असलं काहीतरी लिहिलेलं असतं आणि काउंटरवर पैसे सांगितले की चेहरा बदलतो. "अहो ताई, अंगावर पुरळ उठलंय माझ्या, अशक्तपणा नाही आलेला. रक्त कशाला काढायचं? तुमचं नि डॉक्टरांचं काही ठरलंय का?" हे शेवटचं वाक्य आमच्या पेठेत लोक अगदी मोकळेपणाने, समोर उभं राहून, सुटे पैसे मोजत मोजत विचारतात. मला राग येत नाही. प्रश्न खरं तर चांगलाय, पण त्याचं सरळ उत्तर कोणी देत नाही म्हणून संशय येतो, तर म्हटलं एकदा निवांत बसून लिहावं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलाय, बरीच वर्षं रक्त काढतेय, मशीन चालवतेय, काचपट्टीवर स्मिअर ओढतेय. निदान करणं आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं काम, त्या मला ते करू देत नाहीत आणि बरोबरच आहे. पण शिरेत सुई घालायची तर माणसाचा हात हातात घ्यावाच लागतो, आणि हात घेतला की कातडी दिसतेच, आपण बघायचं नाही म्हटलं तरी.

पहिलं म्हणजे पुरळ उठलं की ब्लड कॅन्सर असं बिलकुल नाही, आणि असं कोणी फॉरवर्ड करत असेल तर त्याला खुशाल ब्लॉक करा. पुण्यात अंगावर काहीबाही उठायला कारणं कमी आहेत का! एप्रिल-मेत पाठभर घामोळ्या. तुळशीबागेतली कानातली घालून लग्नात मिरवलं की पाळीला पाणी सुटतं, तो निकेलचा प्रताप. रंगपंचमीनंतर सोललेले गाल. पावसाळ्यात जांघेतला नायटा, जो हल्ली औषधांना दादच देत नाही. आणि गाजर गवत, ते तर आमच्या गावचंच म्हणायला पाहिजे, कारण भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातली, १९५५ च्या सुमारास इथल्या उकिरड्यांवर दिसलं आणि मग देशभर पसरलं. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कितीतरी काकांच्या पापण्या, मान, हाताच्या पाठी या गवताने सुजून खाजून काळ्या जाड होतात. हे गाजर गवत लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

पित्ताचं तर काय सांगायचं. अंगभर गांधी उठतात, आजी आमसुलाचं पाणी चोळते, थोड्या वेळाने बसतात. खरं म्हणजे पित्ताची एकेक गांध सहसा चोवीस तासांच्या आत आपली आपणच जाते, श्रेय आमसुलाला मिळतं. मिळू दे, आमसूल गरीब बिचारं.

मग सीबीसीची वेळ कधी येते? मी जे बघितलंय त्यातली सगळ्यात सरळ गोष्ट म्हणजे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, लाल किंवा जांभळट, सपाट, ना खाज ना दुखणं. साध्या पुरळावर काचेचा ग्लास दाबून वरून बघितलं तर ते फिकं पडतं, कारण तिथलं रक्त अजून रक्तवाहिनीतच असतं, दाबलं की बाजूला सरकतं. हे ठिपके मात्र कितीही दाबा तसेच राहतात, कारण रक्त वाहिनीबाहेर येऊन कातडीत सांडलेलं असतं. प्लेटलेट फार कमी झाल्या की असं होतं. बहुतेकदा पायांवर आधी येतात, उभं राहून दाब तिथेच पडतो ना, मोज्याचं इलॅस्टिक जिथे करकचतं तिथे तर रांगच लागते. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसतही नाहीत, मग डॉक्टर तोंड उघडायला लावून टाळू बघतात, खालची पापणी ओढून बघतात.

प्लेटलेट हा शब्द पुण्यात आता शेंबड्या पोरालाही माहितीये, डेंग्यूची कृपा. दीड ते साडेचार लाख नॉर्मल, हे लोक मलाच सांगतात. पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत आमच्याकडे रोज सकाळी रांग, कोणी पपईच्या पानांचा रस पिऊन आलेलं, कोणाच्या पिशवीत किवी. डेंग्यूतही हे ठिपके येतात आणि त्यासाठी एक जुनी टेस्टही आहे, बीपीचा पट्टा दंडावर पाच मिनिटं फुगवून ठेवायचा आणि खाली कोपराच्या पुढे किती ठिपके उठतात ते मोजायचे. आम्ही ती मुद्दाम करत नाही. पण रक्त काढताना दंडाला पट्टा बांधावाच लागतो, आणि प्लेटलेट खूपच कमी असल्या की मिनिटभरात आपल्या डोळ्यांसमोर पट्ट्याखालच्या कातडीवर एकेक ठिपका उमटायला लागतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माझ्या पट्ट्यावरच काहीतरी सांडलंय.

असाच एक मुलगा आला होता. हिंजवडीत आयटीत, राजगडाला जाऊन आलेला, नडग्यांवर ठिपके. त्याचं ठाम मत की नव्या मोज्यांची ॲलर्जी. मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी आणून आठवडाभर खाल्ली होती. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, तेही "हां, ब्रश जरा हार्ड आहे" असं. ताप नाही, आणि सीझनही डेंग्यूचा नव्हता. पट्टा बांधला आणि हातावर ठिपके उठायला लागले. मी पट्टा लगेच सोडला, रक्त काढून झाल्यावर बराच वेळ कापूस दाबून ठेवायला लावला तरी थांबेना.

जांभळ्या टोपणाची ट्यूब मशीनला लावली. प्लेटलेट अकरा हजार. पांढऱ्या पेशीही कमी, आणि आकड्यांशेजारी मशीनने झेंडा लावलेला. मशीनला एखादी पेशी ओळखता आली नाही की ते असं करतं, म्हणतं बाबा माणसाच्या डोळ्यांनी बघा. मग स्मिअर. काचपट्टीवर रक्ताचा छोटा थेंब, दुसरी पट्टी तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे ओढायची. पट्टी फार उभी धरली तर जाड, हात थरथरला तर पट्टे पट्टे. वाळल्यावर लिशमन स्टेन हा रंग, मग बफर, मग धुवायचं, मग पुन्हा वाळवायचं. त्या दिवशी ते वाळेपर्यंत मी दोनदा खुर्चीवरून उठले असेन. मॅडमनी बघितलं आणि मलाही बघायला बोलावलं. नॉर्मल माणसाच्या रक्तात ज्या कच्च्या पेशी दिसायलाच नकोत त्या जागोजागी होत्या, आणि काहींच्या आत बारीक लालसर काड्या, काही पेशींत तर त्यांची मोळीच. मॅडमनी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघितली नाही, थेट डॉक्टरांना फोन लावला.

याला एपीएल म्हणतात, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. यात रक्त गोठायची सगळी व्यवस्थाच बिघडते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस सगळ्यात धोक्याचे, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नुसता संशय आला तरी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता औषध चालू करतात. आणि ते औषध काय, तर व्हिटॅमिन एच्या कुळातली कॅप्सूल, एट्रा. केमिकली बघायला गेलं तर हे तेच ट्रेटिनॉइन, जे पिंपल्सच्या क्रीममध्ये असतं! कॉलेजच्या पोरी रात्री तोंडाला लावून झोपतात तेच. चीनमध्ये शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात या ल्युकेमियाच्या पेशंटना ते पोटातून दिलं, आणि कच्च्या राहिलेल्या पेशी त्याने पिकायला लागल्या. पुढे त्याच्या जोडीला आर्सेनिक आलं, सोमल हो, आपला जुना सोमल. एकेकाळी हा सगळ्यात झपाट्याने माणूस नेणारा ल्युकेमिया होता, आज वेळेत पकडला तर सगळ्यात जास्त बरा होणाऱ्यांतला. तो मुलगा नंतर फॉलोअपच्या सीबीसीला आमच्याकडेच यायचा, केस गेलेले, मग परत आलेले, मोज्यांवरून मी त्याला अजून चिडवते.

पण इथे घाई करू नका. ठिपके म्हणजे ल्युकेमिया हे समीकरण पुन्हा चूक. मी बघितलेल्या ठिपक्यांमध्ये बहुतेक डेंग्यू, मग आयटीपी म्हणून एक प्रकार असतो ज्यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं, मग कुठल्या कुठल्या औषधांचे परिणाम. म्हाताऱ्या माणसांच्या हातावर उगाच जांभळे डाग पडतात ते तर नुसतं वयाने कातडी पातळ झाल्यामुळे. हे सगळं एकमेकांपासून वेगळं काढायचं स्वस्तातलं साधन म्हणजे सीबीसी आणि एक नीट ओढलेला स्मिअर. म्हणून रक्त.

ठिपक्यांचं निदान समजतं तरी, कारण तिथे रक्तच दिसतंय. गोंधळ होतो तो गाठींच्या बाबतीत. काही ल्युकेमियांमध्ये, विशेषतः ज्यात मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी वाढतात त्यात, त्या पेशी रक्तातून उठून थेट कातडीत येऊन बसतात. घट्ट, लालसर-तपकिरी किंवा जांभळट गाठी, दुखत नाहीत. याच पेशी हिरड्यांतही घुसतात, हिरड्या सुजून दातांवर चढायला लागतात, म्हणजे पहिल्यांदा पेशंट कुठे जाणार, तर डेंटिस्टकडे. शहाणा डेंटिस्ट दात साफ करायच्या आधी सीबीसी लिहून देतो, आणि तिथेही आमच्याच काउंटरवर हाच वाद, दाताच्या दुखण्याला रक्त कशाला.

आणि कधी कधी कॅन्सरच्या पेशी कातडीत नसतातच, तरी कातडी पेटते. इंग्लंडमधल्या प्लिमथचे त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९६४ साली आठ बायकांच्या केसेस लिहिल्या. अचानक ताप, मान-चेहरा-हातांवर लालभडक सुजलेले चट्टे, हात लावला तरी दुखणारे. वाटतं इन्फेक्शन, पण ॲंटिबायोटिकचा कोर्स संपला तरी ढिम्म, आणि स्टिरॉइड पोटात गेलं की झपाट्याने उतरतात. त्याला आता स्वीट सिंड्रोमच म्हणतात. बहुतेकांमध्ये ते घशाच्या इन्फेक्शननंतर वगैरे येतं, पण साधारण पाचातल्या एकात मागे कॅन्सर सापडतो आणि त्यात जास्त करून ल्युकेमिया. म्हणजे चट्टे गेले म्हणून सुटलो असं नसतं, डॉक्टर त्यानंतरही काही दिवस सीबीसी रिपीट करायला सांगतात आणि लोकांना वाटतं, आता कशाला, गेलं की सगळं.

आता खाजेबद्दल. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. आमच्या लॅबशेजारच्या वाड्यातल्या एक काकू, त्यांना आंघोळीनंतर खाज सुटायची. गरम पाण्याने आंघोळ केली की अंग आतून टोचल्यासारखं, बराच वेळ. साबण बदलले, मग साबण सोडून डाळीचं पीठ, मग गीझर बदलला, मग सुनेवर संशय की ही कपड्यांना पावडर जास्त घालते. दुसऱ्याच कशासाठी तरी सीबीसी केली तर हिमोग्लोबिन १७.८. रिपोर्ट न्यायला आलेल्या काका लोकांनी काउंटरवरच कौतुक केलं, "आमच्या हिचं बघा, लोखंड आहे लोखंड!" आपल्याकडे बाई म्हटलं की हिमोग्लोबिन आठ-नऊ ऐकायची सवय, त्यामुळे १७.८ ऐकून पेढेच वाटायचे बाकी होते. मॅडमनी मात्र चष्मा वर सरकवला. बाईमाणसात १६ च्या वर गेलं की कारण शोधायला लागतं. पॉलिसायथेमिया व्हेरा निघालं, अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त पेशी बनवत सुटते असा सावकाश चालणारा रक्ताचा कॅन्सर. यामागचा जेएके-टू नावाच्या जीनमधला बदल २००५ साली सापडला आणि तेव्हापासून रक्ताच्या टेस्टवर निदान सोपं झालं. पाण्याने खाज सुटणं ही याची अगदी ओळखीची खूण, काहींना निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून असते. खरी भीती खाजेची नसते, दाट झालेल्या रक्तात गुठळी व्हायची असते. उपचार ऐकून काकू हसल्या, कारण मुख्य उपचार म्हणजे अधूनमधून रक्त काढून टाकायचं आणि बारीक डोसची ॲस्पिरिन. "म्हणजे जळवाच की गं!" असं म्हणाल्या. सूनबाई निर्दोष सुटली.

हॉजकिन लिम्फोमातही, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरमध्येही, अशी कारण नसलेली खाज येते, रात्री जास्त, नखांनी पाय रक्ताळेपर्यंत. सोबत मानेत न दुखणारी गाठ, रात्री चादर भिजेल असा घाम, वजन उतरणं असेल तर अँटी-ॲलर्जिकच्या पट्ट्या संपवत बसण्यात अर्थ नाही.

हे सगळं मला माहिती होतं आणि तरी घरातल्या माणसाचं निदान व्हायला वर्षं गेली, कारण त्यात रक्त नॉर्मल होतं. माझा मामा. बिबवेवाडीत राहतो, रिटायर झालाय, रोज पहाटे तळजाईवर जाणार म्हणजे जाणार. त्याला कमरेखाली, मांडीच्या वरच्या भागात आणि कुशीवर चट्टे होते. फिकट तांबूस, थोडे सुरकुतलेले, बारीक कोंडा सुटणारे, खाज कधी असायची कधी नसायची. पहिल्यांदा नायटा म्हणून औषध झालं. मग एक्झिमा. मग एकांनी सोरायसिस म्हटलं. तळजाईला जातो म्हटल्यावर गाजर गवताचा आळ आलाच, मामीने त्याला फुल शर्टात, कानटोपीत गुंडाळून पाठवायला सुरुवात केली. आणि प्रत्येक वेळी एक ट्यूब. ट्यूब लावली की चट्टे मावळायचे, सोडली की महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी हजर.

शेवटी एका स्किनच्या मॅडमनी त्याला कपडे उतरवून उजेडात उभं केलं आणि चट्ट्यांपेक्षा जास्त वेळ ते कुठे नाहीत हे बघितलं. चेहरा साफ. मान साफ. हात साफ. गाजर गवताचे कण हवेतून येतात, ते उघड्या अंगावर बसतात, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत. मामाचे चट्टे सगळे ऊन न लागणाऱ्या जागी. बर्म्युडाखाली जे अंग झाकलं जातं तिथेच. त्यांनी बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं, सांगितली, पण आधी सगळ्या ट्यूब बंद, काही आठवडे काही म्हणजे काही लावायचं नाही. मामी वैतागली, "खाजवून खाजवून जीव जाईल त्याचा", पण मॅडम हलल्या नाहीत. पहिल्या बायोप्सीत पक्कं काही सांगता येईना. काही महिन्यांनी दुसरी, दोन जागांहून. मग पेशींची जात ओळखायच्या मार्कर टेस्ट, मग मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन मामेभाऊ मुंबईला टाटाला सेकंड ओपिनियनसाठी गेला, आणि उत्तर आलं मायकोसिस फंगॉइड्स.

नाव ऐकून मामा खूश, "बघ, मी म्हणत होतो ना फंगस आहे." बुरशीचा काही संबंध नाही. पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमधल्या आलिबेर नावाच्या डॉक्टरांनी १८०६ मध्ये एका पेशंटच्या अंगावर मोठमोठ्या अळंब्यांसारख्या गाठी बघितल्या आणि त्यावरून पुढे हे नाव पडलं, ते दोनशे वर्षं बदललं नाही. हा टी-सेलचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचाच कॅन्सर, फक्त मुक्काम कातडीत. कातडीच्या लिम्फोमांमध्ये हाच जास्त आढळतो. चालतो गोगलगायीच्या गतीने, आणि वर्षानुवर्षं एक्झिमाचं सोंग घेऊन बसतो, म्हणून जगभरातच याचं निदान उशिरा होतं, फक्त पुण्यातच होतं असं नाही. फार पुढे गेला किंवा याचा भाऊबंद सेझारी सिंड्रोम झाला, ज्याचं वर्णन १९३८ मधलं आहे, तर अंगभर कातडी लाल होते आणि त्या पेशी रक्तात उतरतात, मेंदूसारख्या घड्या पडलेल्या केंद्रकाच्या. स्मिअरवर त्या शोधणं म्हणजे आमच्या मॅडमचं आवडतं काम, मिळाल्या की आनंद होतो आणि मग लगेच आनंद झाल्याचं वाईट वाटतं. मामाच्या रक्तात नव्हत्या.

सावळ्या अंगावर या रोगाचं अजून एक नाटक आहे. आपल्याकडे, विशेषतः तरुण पोरांत, तो लाल चट्टे न देता फिकट पांढुरके डाग देतो. पांढरा डाग म्हटला की आपल्या घरांत काय होतं ते सांगायला नको. एक तर कोडाची भीती, नाहीतर कुष्ठरोगाची, आणि लग्नाची मुलगी असेल तर डाग डॉक्टरलाही दाखवत नाहीत. पुस्तकांतले फोटो बरेचसे गोऱ्या कातडीवरचे, त्यात सगळं कसं गुलाबी गुलाबी, आणि इथे तेच पुरळ करडं, जांभळट नाहीतर फिकट दिसतं.

आणि ट्यूब. मला खरा राग कशाचा येत असेल तर त्या चार-औषधं-एकात असलेल्या ट्यूबचा. त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध, ॲंटिबायोटिक, सगळं एकत्र घोटलेलं, मेडिकलमध्ये जाऊन "दादा खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की काढून दिली. सरकारने २०१८ मध्ये बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, कागदावर. स्टिरॉइड वाईट असतं असं मला म्हणायचं नाही, मामाच्या आत्ताच्या उपचारातसुद्धा आहे, मोजून मापून, कुठे किती लावायचं ते लिहून दिलेलं. पण न बघता लावलं की नायटा आत जाऊन बसतो नि लांब पसरतो, आणि लिम्फोमाचा चट्टा तात्पुरता दबतो, बायोप्सीत पेशी नीट दिसत नाहीत, रिपोर्ट येतो की साधी सूज आहे. सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि अजून दोन वर्षं जातात. लोकांना मी दोष देत नाही. स्किनच्या डॉक्टरची फी, दोन तास वेटिंग, त्यात ऑफिसला दांडी, आणि कोपऱ्यावर ट्यूब शे-दीडशेत. मीही ट्यूबच घेतली असती.

मामाला आता लाइट ट्रीटमेंट आहे, नॅरोबँड यूव्हीबी. उभ्या कपाटासारख्या मशीनमध्ये गॉगल लावून उभं राहायचं, काही मिनिटांचं काम, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. इतकी वर्षं ऊन न बघितलेल्या अंगाला शेवटी ऊनच दाखवतायत म्हणा ना, मोजलेलं. थोड्याच जागेवर चट्टे असताना सापडला तर या रोगाची माणसं साधारण बाकीच्यांइतकंच जगतात, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून त्याची मुख्य तक्रार रोगाबद्दल नसून तिथल्या पार्किंगबद्दल असते.

नागिणीचंही जाता जाता सांगते. नागीण झाली की तोंड-शेपटी जुळली तर माणूस जातो म्हणतात, ते खोटं. ती कांजिण्यांच्या विषाणूचीच, वय झालं की कोणालाही होऊ शकते, आणि गेरू फासत बसण्यापेक्षा पहिल्या ७२ तासांत गोळ्या चालू केल्या तर उपयोग. पण वारंवार व्हायला लागली, किंवा अर्ध्या अंगभर पसरली, तर प्रतिकारशक्ती कशाने गेली ते बघायला लागतं. साठीपुढच्या माणसांतला सीएलएल हा ल्युकेमिया असा गुपचूप असतो, कित्येकदा सीबीसीतच अचानक सापडतो. यातल्या काहींना डास चावला तरी सुपारीएवढं टम्म फुगतं. आणि डोळ्यांभोवती, पापण्यांवर उगाच जांभळं पडत असेल, मार नाही काही नाही, नुसतं शिंकल्यावर किंवा डोळे चोळल्यावर, तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कधी मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरसोबत साठणाऱ्या ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाने असं होतं.

वाचून कोणी आता आरशासमोर उभं राहून अंगावरचे तीळ मोजत बसेल, तर तसं करू नका. इतकंच बघा की दाबून फिकं पडतंय का, नवीन उठतायत का, त्याच जागी परत परत येतंय का, ट्यूब सोडल्यावर काय होतंय, आणि सोबत ताप, वजन, घाम, गाठ, रक्त येणं यातलं काही आहे का. ठिपके दाबून जात नाहीत आणि सोबत ताप आहे किंवा नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

डॉक्टरकडे जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, संपलेल्या चेपलेल्यासुद्धा, नावं आठवत बसू नका. आणि फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी पुरळ हमखास गायब असतं. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एक लांबून अंगाची जागा कळेल असा आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. तारीख फोन आपोआप टाकतोच. ते फोटो फक्त डॉक्टरला दाखवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथे पाच मिनिटांत कोणीतरी कोरफड सांगेल आणि दुसरं कोणीतरी कोरफडीवरून भांडेल.